खंड्याची तीन मिनिटं

आधी चहा घ्या, आणि माझं सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही असं कबूल करा. भर अलिबागच्या समुद्रावर, शे-दीडशे माणसांसमोर मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती तिथले टांगेवाले अजून एकमेकांना सांगतात. परवाच एकाने मला पाहून टांगा थांबवला. "काय ताई, कुत्रा बरा आहे ना?" बरा आहे हो! कुत्र्याला काय धाड भरलीय?

तर झालं असं. मी बी.ए. होऊन मुंबईहून नागावला परत आले. वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी होतो. झोपेतसुद्धा कुणीतरी बोलत असायचं. आणि इथे? नारळी-पोफळीची वाडी, भाऊकाका आणि आत्या. आईवडील मी लहान असतानाच गेले, मला या दोघांनी वाढवलं. उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण बोलायचं कसं यांच्याशी? काका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. "काका, आज उकडतंय," म्हटलं तरी "कुठे छापून आलंय?" असा चेहरा! आणि आत्या सकाळी विहिरीवर आंघोळ करून सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसली की पूजा-स्वयंपाक आटपून पानं उचलली जाईपर्यंत तिच्या चार हात जवळ जायची सोय नाही.

मैत्रिणींची पत्रं आधी आठवड्याला यायची, मग महिन्याला, मग नुसत्या लग्नपत्रिका. दुपारी तीन वाजता वाडीत काय ऐकू येतं, ठाऊक आहे? एक झावळी पडते. पुढची पडेपर्यंत काही नाही. एके दिवशी पडलेल्या झावळीला मी "काय म्हणतेस?" असं विचारलं, तेव्हा मलाच माझी भीती वाटली.

त्याच आठवड्यात हा कुत्रा, खंड्या, सापडला. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्या खाली बसून वर पाहत होता. तांबूस रंग, एक कान उभा, एक आडवा. मी उचलून घरी आणला. आत्याने दारातच नाकाला पदर लावला. "अगो, हे काय आणलंस? वास बघ त्याचा!" मी त्याला तीनदा आंघोळ घातली. चौथ्यांदा आत्याने स्वतःच शिकेकाई दिली, लांबून.

तेव्हापासून मी खंड्याशी बोलायला लागले. सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. दुपारी वाद घालायचे. तो कधी "कुठे छापून आलंय?" म्हणाला नाही.

पण एका सकाळी पठ्ठ्याने घात केला. आत्याचं सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर वाळत होतं, त्याचं टोक वाऱ्याने खाली आलं. खंड्याने उडी मारून ते ओढलं, नीट गोळा केलं आणि त्यावर झोपला! त्या दिवशी दुसरं लुगडं सोवळ्यात धुऊन वाळेपर्यंत, म्हणजे दिवे लागेपर्यंत, आत्या उपाशी. काकांनी निकाल दिला.

"काशीदच्या वाडीत राखणीला कुत्रा हवाच आहे. पौर्णिमेनंतर गाडी जाईल, तिच्यात हा जाईल."

"काका, कुत्र्याला वळण लावता येतं! विलायतेत कुत्र्यांच्या शाळा असतात!"

"तू गेलीस ना शाळेत? कॉलेजातही गेलीस. मग?"

मी पाय आपटत वाडीत गेले. पण देव माझ्या बाजूचा. दुसऱ्याच दिवशी अलिबागच्या वाचनालयात एक कागद लावलेला दिसला. तिथे राहायला आलेले एक निवृत्त मेजरसाहेब समुद्रावर कुत्र्यांच्या सद्वर्तनाची परीक्षा घेणार होते. जात, वंश पाहिला जाणार नाही. उत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्र.

मी घरी धावत आले. "काका, परीक्षा आहे! प्रमाणपत्र मिळतं! सही-शिक्क्याचं!"

काकांनी चष्मा काढला. "शिक्का असतो?"

"असतो."

"गोल की चौकोनी?"

मला काय माहीत! पण मी ठोकून दिलं, "गोल. जांभळ्या शाईचा."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "कागद आण. कागदावर असेल तसं करू."

झालं! तीन आठवडे होते. मेजरसाहेबांनी इंग्रजीत टंकलेली एक यादी दिली होती. अनोळखी माणसाला वाट देणं, समोर ठेवलेल्या खाण्यावर न तुटून पडणं, परवानगी मिळाल्यावर खाणं, गर्दीतून शांत चालणं. शेवटी सगळ्यात कठीण: मालकाने दिसेनासं व्हायचं आणि कुत्र्याने परक्या माणसापाशी तीन मिनिटं एकट्याने राहायचं.

मी पद्धतशीर सुरुवात केली. "सिट!" खंड्या उभा. "स्टे!" खंड्या वाडीच्या टोकाला. गर्दीची सवय व्हावी म्हणून मासळीबाजारात नेलं, तर तिथली एक कोळीण टोपलीवरून ओरडली, "काय गो बाय, कुत्र्याला इंग्रजी शिकवतंस? त्याला मामलेदार करनार हाय का?" सगळा बाजार हसला. खंड्याने तेवढ्यात एक मांदेली उचलली.

आणि घरात माझ्या शास्त्रीय पद्धतीत आत्याचा खोडा! ती विहिरीवरून कळशी घेऊन यायची आणि लांबूनच म्हणायची, "बाजूला रे, सोवळ्यात आहे." की हा गडी अंग चोरून भिंतीला चिकटलाच. पूजा होईपर्यंत उंबऱ्याबाहेर जमिनीला हनुवटी टेकून पडून राहायचा. मग आत्या त्याच्यासाठी पानावर भात घेऊन यायची, आणि देवाच्या नैवेद्याभोवती फिरवते तसं त्या पानाभोवतीही पाणी फिरवायची. पाणी फिरेपर्यंत हा तोंड लावायचा नाही.

"आत्या, कुत्र्याच्या पानाला कसलं गं पाणी फिरवतेस? कॉलेजात मी या असल्या गोष्टींवर भाषण करून बक्षीस मिळवलंय!"

"मिळवलंस ना? मग आता जेवू दे त्याला."

"तू त्याला बिघडवतेस! मी त्याला शास्त्राने शिकवतेय, तू मध्ये पडू नकोस."

आत्या भाताचं पान खंड्यापुढे सरकवून आत वळली. तिची जपमाळ चालू होती.

परीक्षेच्या दिवशी मी खंड्याला घेऊन पहाटेच निघाले. एस्टीत कुत्रा घेणार नाहीत, म्हणून अलिबागपर्यंत चालत. समुद्रावर ही गर्दी! वकिलांचे कुत्रे, डॉक्टरांचे कुत्रे, एका पारशीबाईंचा तर उशीवर बसलेला कुत्रा. आणि गर्दीत मागे छत्री धरून कोण? काका!

"कचेरीत काम होतं," ते म्हणाले. त्या दिवशी रविवार होता.

पहिली परीक्षा. मेजरसाहेबांच्या बाईसाहेब समोरून चालत येणार, कुत्र्याने अंगावर जायचं नाही. वकिलांच्या कुत्र्याने बाईसाहेबांच्या चपलेची एक पट्टी खाल्ली होती. मी दोरी घट्ट धरली. बाईसाहेब आल्या. जांभळी रेशमी साडी. खंड्याने एकदा त्या साडीकडे पाहिलं मात्र, अंग चोरून चार हात बाजूला झाला आणि वाळूला हनुवटी टेकवून पडला!

"वा!" मेजरसाहेब मिशीतून म्हणाले. "बायकांचा असा मान राखणारा कुत्रा मी पलटणीतसुद्धा पाहिला नाही. कुणी शिकवलं?"

"मी," मी म्हटलं. खरं सांगते, मला अजून कळलं नव्हतं! माझ्या इंग्रजीनेच हे घडवलं असं वाटून मी मान ताठ केली.

दुसरी परीक्षा. समोर बशीत बिस्किटं. खंड्या हलला नाही. लोक वाहवा करायला लागले. मेजरसाहेब म्हणाले, "आता खायला सांगा."

"टेक इट!" खंड्या माझ्याकडे पाहतोय.

"घे ना रे!" खंड्या बशीकडे पाहतोय, मग माझ्या उजव्या हाताकडे पाहतोय.

"खा, मेल्या!"

"परवानगी दिल्यावर खाल्लं नाही, तर मला गुण कापावे लागतील," मेजरसाहेब म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या उजव्या हाताकडे तो का बघतोय ते कळलं. साडीपासून कसा दूर झाला तेही कळलं. तीन आठवडे मी नुसतीच ओरडत होते, शाळा आत्याची चालली होती!

आता काय करू? पौर्णिमा चार दिवसांवर. मी मेजरसाहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि भर समुद्रावर, सगळ्या वकील-डॉक्टरांच्या देखत, बिस्किटांच्या बशीभोवती गोल फिरवलं. भाषणात बक्षीस मिळवलेली मी!

खंड्याने लगेच बिस्किटं संपवली. मागे छत्रीखाली काका खोकले. ते खोकणं नव्हतं, मला चांगलं ओळखू येतं.

गर्दीतूनही तो निमूट चालला. उरली शेवटची परीक्षा. किनाऱ्यावर एक होडी पालथी घातली होती. मी तिच्यामागे जाऊन उभं राहायचं. खंड्या बाईसाहेबांपाशी. मेजरसाहेबांनी हातात घड्याळ धरलं. "तीन मिनिटं. काहीही ऐकू आलं तरी बाहेर यायचं नाही. आलात तर नापास."

"नाही येणार," मी म्हटलं. मला काळजी खंड्याची होती. माझ्यावाचून तो एक क्षण राहत नाही! रडेल, दोरी ओढेल, विव्हळेल. मी होडीला पाठ लावून, दात-ओठ आवळून त्याच्या रडण्याची वाट बघत उभी राहिले.

काही नाही.

अर्धं मिनिट झालं असेल. शहाणं माझं बाळ, मी मनात म्हटलं.

काही नाही. नुसत्या लाटा.

अहो, निदान एकदा तरी कुईं करावं की नाही? मी होडीच्या कडेवरून हळूच डोकावले. खंड्या बाईसाहेबांपासून चार हातांवर आरामात पडला होता. समुद्राकडे बघत होता. होडीकडे नव्हे, समुद्राकडे! आणि मग त्याने जांभई दिली.

ती जांभई बघून मला काय झालं, मी आजही सांगू शकत नाही. हा काशीदला गेला तरी असाच पडेल, असाच जांभई देईल. त्याला आत्याने राहायला शिकवलंय. मला कुणी शिकवलंय? मी दुपारी तीन वाजता कुणाला वर्तमानपत्र वाचून दाखवू? झावळीला?

"खंड्या!"

ही हाक कुणी मारली म्हणून मीच इकडेतिकडे पाहिलं. तोवर मी होडीच्या आडून बाहेर आले होते. वाळूतून धावत गेले, त्याच्या गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडायला लागले. मोठ्याने! कुत्रा नाही हो, मी! खंड्या बिचारा जागचा हलला नाही. त्याची परीक्षा चालू होती ना. त्याने फक्त आडवा कान उभा केला आणि लोकांकडे असं पाहिलं, की माफ करा, ही जरा नवीन आहे.

"एक मिनिट दहा सेकंद," मेजरसाहेब म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. पारशीबाईंनी मला रुमाल दिला. मेजरसाहेबांनी टेबलाशी बसून बराच वेळ काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे न देता थेट काकांच्या हातात दिला.

परतताना काकांनी टांगा केला. खंड्या आमच्या पायांशी. मी रस्त्याकडे तोंड करून बसलेले. गेलं सगळं. काकांनी चष्मा चढवला आणि तो इंग्रजी कागद कचेरीच्या मराठीत मोठ्याने वाचला. टांगेवाला ऐकतोय याची पर्वा न करता!

"सदर कुत्र्याचे वर्तन उत्तम. सदर कुत्र्यास एकटे ठेवण्यास हरकत नाही." काका थांबले. घसा साफ केला. "सदर मालकिणीस मात्र एकटे ठेवू नये."

टांगेवाल्याचे खांदे हलायला लागले. काकांनी कागद उन्हाकडे धरून शिक्का तपासला.

"लेखी आहे," ते म्हणाले. "आता काशीदची गाडी रिकामीच जाईल."

मी खंड्याला उचलून मांडीवर घेतलं. 

घरी आत्याने दारातूनच विचारलं, "जेवला का गो तो?"

"जेवला. पाणी फिरवल्यावर."

"आणि तू?"

तेव्हा आठवलं, मी सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला हे सांगितलंही नसतं. पण महिन्याभराने एका शाळेतून मला मुलाखतीला बोलावणं आलं. काकांनी माझे सगळे दाखले एका जाड दोऱ्यात ओवून दिले, त्यांच्या शिस्तीत, सगळ्यात नवा दाखला सगळ्यात वर. मी उघडूनही पाहिलं नाही. हेडमास्तरांनी वरचा कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत फार गंभीरपणे विचारलं,

"आमच्या एका वर्गात चाळीस मुलं असतात. तुम्हाला पुरतील ना?"