दाणे – एकदम बंद

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात, आमच्या घरासमोर भाजीची गाडी लावणारा रामदीन मराठी बोलत असे, आणि त्याचं सगळं श्रेय लिमये मास्तरांना होतं. मास्तर गाडीपाशी उभे राहून म्हणायचे, "बटाटे दे." तो म्हणे, "आलू?" मास्तर पुन्हा, "बटाटे." ऊन असो, थंडी असो, समोरच्याच्या तोंडून बटाटे बाहेर पडेपर्यंत ते हलायचे नाहीत. विशीत वाईहून ग्वाल्हेरला आले, इथल्या मराठी शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. पण त्यांच्या तोंडून हिंदीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. समजायचं सगळं. बोलायचे नाहीत, एवढंच.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. जन्म ग्वाल्हेरचा, नोकरी सरकारी कचेरीतली, त्यामुळे माझं मराठी म्हणजे निम्मंअधिक हिंदीच. एकदा त्यांनी खालून हाक मारली आणि मी वरून ओरडलो, "मास्तर, मी जेवून राहिलो आहे!"

"राहिला आहेस माझ्या वरच्या मजल्यावर," ते म्हणाले. "जेवतो आहेस."

माझी चिठ्ठी हाती पडली की आधी त्यांची लाल पेन्सिल बाहेर यायची. "मास्तर, मतलब तर समजला ना?" असं मी कुरकुरलो, की उत्तर ठरलेलं. "अर्थ समजला. शब्द सांग." मला राग यायचा. आणि कचेरीतून परतल्यावर पहिला त्यांच्याच दारात जाऊन बसायचो, हेही खरं.

एका सकाळी त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा असा सुजला की चादर लागली तरी मास्तर कळवळत होते. मी त्यांना रिक्षात घालून पडाव भागातल्या डॉक्टरांकडे नेलं. औषधानं ठणका गेला, सूज उतरली. मग रक्त तपासलं, तर युरिक ॲसिड बरंच वाढलेलं. डॉक्टरांचा दवाखाना जिना चढून वर. त्या वयात मास्तरांना तो पुन्हा चढवेना, म्हणून रिपोर्ट घेऊन मी एकटाच गेलो.

डॉक्टर भले होते. त्यांनी मला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. "देखो भैया, यह दर्द की गोली नहीं है, यूरिक एसिड घटाने की है। छोटी वाली से शुरू करेंगे। रोज़ एक, खाने के बाद। पानी खूब पियें। अँगूठा फिर दुखे तो घबरा के बंद न करें, मुझे बतायें। लेकिन बदन पर दाने निकलें तो एकदम बंद। एक भी गोली नहीं, सीधे मेरे पास। दाने वाली बात मत भूलना।"

मी विसरलो नाही. घरी येऊन वहीचा कागद घेतला आणि लाल पेन्सिलीला वाव राहू नये म्हणून अगदी मोजक्या शब्दांत लिहिलं. गोळी – रोज एक, जेवणानंतर. पाणी – भरपूर. अंगठा दुखला तरी गोळी चालू. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: दाणे – एकदम बंद. आमच्या घरी अंगावर काही उठलं की 'दाणे आले' असंच म्हणत. पुरळ हा शब्द मी वाचला असेन कुठेतरी, तोंडात कधी बसला नव्हता.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. पेन्सिल हातातच राहिली. "शाबास! एक चूक नाही. काय सोडायचं, काय धरायचं, स्वच्छ लिहिलं आहेस." एवढ्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी. मी दिवसभर हवेत होतो.

छत्तीसगड वेगळं झालं त्याच्या पुढचा तो उन्हाळा. कचेऱ्यांत फायली वाटल्या जात होत्या, माणसंही वाटली जात होती. भोपाळला कोण राहणार, रायपूरला कोण जाणार, याखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. फायलींच्या याद्या घेऊन मला भोपाळला पाठवलं ते तीन आठवडे तिथेच अडकवलं.

परत आलो तो बॅग हातात घेऊनच मास्तरांच्या दारात गेलो. ते खाटेवर उघडे बसले होते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ओल्या पंच्यानं त्यांची पाठ टिपत होत्या. मी उंबऱ्यातच थबकलो. छातीपासून पोटापर्यंत लालभडक चट्टे, डोळे लाल, ओठ फुटलेले. अंगात ताप.

"मास्तर, हे कधीपासून होऊन राहिलंय?"

त्यांनी मला सुधारलं नाही.

"घामोळं आहे रे. चार दिवस झाले. यंदाचं ऊन जहाल."

"आणि गोळी?"

"चालू आहे की. एक दिवस चुकवली नाही. आज सकाळचीही घेतली."

"अहो, मी लिहून दिलं होतं! दाणे, एकदम बंद!"

"मग?" मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले. "बंदच आहेत. तू गेल्यापासून एक शेंगदाणा तोंडात घातला नाही. काकडीच्या कोशिंबिरीत कूटसुद्धा नाही. हिला विचार."

काकूंनी मान डोलावली.

माझ्या हातातली बॅग गळून पडली. मी ओरडलो असेन बहुधा, कारण रामदीन गाडी सोडून धावत आला. आम्ही दोघांनी मास्तरांना उचलून रिक्षात घातलं. पाठीला हात लावला तिथली कातडी सरकली. तो स्पर्श अजून माझ्या तळहातावर आहे.

इस्पितळात दुसरे डॉक्टर होते, त्यांनी सगळी औषधं मागितली. काकूंनी घरून येताना डब्यासकट आणली होती. त्यात माझा कागदही होता. डॉक्टरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "यहाँ तो लिखा है, बंद! फिर खाते कैसे रहे?" काकूंनी रडत रडत शेंगदाण्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांचा आवाज चढला. "यह लिखा किसने है?"

खरं सांगायचं तर मी बोललो नाही. बोलणार होतो की नाही, हेही मला आज सांगता येत नाही.

"मैंने लिखा है," खाटेवरून आवाज आला. "ग़लती मेरी है, डॉक्टर साहब। इस लड़के को कुछ मत कहिये।"

मास्तरांचं हिंदी स्वच्छ होतं. उच्चारात कुठे खोट नव्हती.

चौथ्या दिवशी मास्तर गेले.

तेरावं झाल्यावर मी काकूंच्या पुढे जाऊन बसलो आणि एका दमात सांगून टाकलं, की काकू, तो कागद मी लिहिला होता, अक्षर माझं होतं.

"तुझं अक्षर मी ओळखत नाही होय?" काकू म्हणाल्या. "पण आपलं आहे म्हणून त्यांनी सांगितलं ना? आता ते त्यांचंच."