मुकी पट्टी आणि आईचा हुंकार

हे नादरूपा परमेश्वरा, घंटेत तू आहेस तसा किटलीच्या शिट्टीतही तूच आहेस. ज्याला गळा दिलास त्याच्या गळ्यात तू, ज्याला गळा दिला नाहीस त्याच्या बोटांत तू! तुझ्या पायी माथा टेकवावा आणि मगच त्या पियानोवादिकेची कथा सांगावी, जिला मोठमोठी सभागृहे मानाने बोलावतात आणि घरचे मात्र अजून ‘धडधडी’ म्हणतात.

नाव उगाच पडले नाही. रांगत्या वयापासून हाताखाली येईल ते ती बडवी. ताट बडवी, टेबल बडवी, वडील डुलकी घेत असले तर त्यांचे टक्कल बडवी. वडील उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारे, माणूस शांत. ते म्हणाले, “हिला बडवण्याजोगं काहीतरी आणू, म्हणजे माझं डोकं सुटेल.” नाचाची एक शाळा बंद पडत होती, तिथला जुना पियानो त्यांनी आणला. पण देवा, तुझी थट्टा पाहा! लिफ्टवाल्याच्या घरचा पियानो लिफ्टमध्ये मावेना! चौघांनी तो जिन्याने चढवला, वळणावर तो भिंतीला धडकला, आणि मधली एक पट्टी मुकी झाली ती कायमची. दाबली तर खाली जाई. आवाज मात्र नाही.

वडिलांनी पाना उचलला. आई इस्त्री करता करता म्हणाली, “राहू द्या हो. आत्ता एकच मुकी आहे. तुम्ही हात लावलात तर सगळ्याच मौन धरतील.”

मग त्या घरात एक रीत पडली. मुलगी वाजवी आणि मुकी पट्टी आली की इस्त्रीपाशी उभी असलेली आई नेमक्या सुरात हुंकार भरी, “हूं!” कपडा जळो की राहो, हुंकार चुकला नाही. मुलीचे बोटही शहाणे झाले. त्या पट्टीवर ते नुसते टेके आणि स्वराची वाट पाही. परक्या पियानोवरही ते तसेच टेके, पण घाईच्या सुरावटींत हे कुणाच्या ध्यानात येईना. मुलगी शिकली, नाचाच्या वर्गांना साथ करू लागली, हॉटेलांत जेवणाऱ्यांच्या चमच्यांशी झुंजत वाजवू लागली. अखेर एके दिवशी मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवण्याचे बोलावणे आले. त्या संध्याकाळी कार्यक्रम रंगला तर पुढचा अख्खा दौरा तिचा होता.

त्या रचनेचा संथ भाग तिने घरीच, आईच्या इस्त्रीच्या वाफेत, घोटून घोटून बसवला होता. त्या भागाच्या शेवटी सारी वाद्ये थांबतात आणि पियानोचा एकच स्वर एकटा उभा राहतो. कोणता स्वर? अहो, दुसरा कोणता असणार!

सकाळच्या तालमीत सगळी वाद्ये थांबली. तिने बोट टेकवले आणि तृप्त होऊन डोळे मिटले. सभागृहात शांतता पसरली.

“बाई, स्वर?” वाद्यवृंदाच्या संचालकांनी विचारले.

“झाला ना.”

“कुणाच्या घरी?”

तेव्हा तिला उमगले. तो स्वर तिने मनात ऐकला होता, आईच्या गळ्याने! पुन्हा केले, पुन्हा तेच. संचालकांनी छडी खाली ठेवली. “संध्याकाळी असं झालं तर दौऱ्यावर दुसरं कुणी जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल.”

दुपारी आई तिचा काळा पोशाख इस्त्री करत होती.

“आई, आज तू गायचं नाहीस.”

“मी कधी गायले? मी इस्त्री करते.”

“ते हूं करतेस ते.”

“अगं, ते गाणं आहे होय? तो माझा श्वास आहे!”

“मग आज श्वास धरून बस. तू हूं केलंस तर माझं बोट आयुष्यभर आयतं खाईल.”

वडील म्हणाले, “काळजी करू नकोस. तिच्या तोंडात पेपरमिंटची गोळी देतो. मोठ्यातली मोठी.”

संध्याकाळ झाली. सभागृह भरले. संथ भाग दुधावर साय धरावी तसा दाटत गेला आणि सारी वाद्ये थांबली. बोट पट्टीवर टेकले. सवयीने वाट पाहू लागले. तिसऱ्या रांगेतून काहीच आले नाही! तिने कटाक्ष टाकला. आईचे गाल फुगलेले, डोळे पाण्याने भरलेले, वडिलांचा दंड तिच्या मुठीत पिळून निघालेला. जी माउली कधी चुकली नाही, ती लेकीसाठी आज गप्प बसली होती. लेकीच्या काळजात कालवले, आणि बोट दबले! स्वर उमटला, सोन्याच्या थेंबासारखा.

पण आईचे काळीज किती वेळ धीर धरील? त्याच क्षणी तिने अख्खी गोळी गिळली आणि, “हूं!”

एकच सूर, दोन मुखे. संचालकांची छडी हवेत अडखळली, आणि कार्यक्रम पुढे गेला.

पडद्यामागे संचालक आले. “स्वर आला,” ते म्हणाले. “जरा जास्तच आला.”

“गोळी गिळली हो हिनं,” वडील दंड चोळत म्हणाले.

“दौरा तुमचा, बाई. आईंचं तिकीट आम्हीच देऊ. फक्त शेवटच्या रांगेचं.”

त्या दौऱ्यातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा. आज तिचे केसही पट्ट्यांसारखे निम्मे काळे, निम्मे पांढरे झाले आहेत. घरच्या पियानोला मध्यंतरी कारागीर आला, तेव्हा आईने त्या पट्टीवर तळहात ठेवला. “बाकीच्या सुरात आणा. ही माझी आहे.” आईला आता प्रवास झेपत नाही. म्हणून परगावच्या सभागृहात पाऊल ठेवताच लेक ती एक पट्टी दाबून पाहते आणि घरी फोन लावते.

“आई, इथली बोलते गं.”

“बोलते ना? मग तू कशाला बोलतेस? जा, वाजव!” आणि फोन ठेवता ठेवता, “हूं!”

हे दयाघना, त्या बोटांना बळ दे, त्या हुंकाराला उदंड आयुष्य दे, त्या शांत बापाची कोणतीही लिफ्ट मध्येच न अडको. त्या घरातली एक पट्टी मुकी आहे ती तशीच राहो, आणि तिच्या वाटचे बोलणारे माणूस त्या घरात सदैव नांदो!