काठापासून आठ बांबू

डोमाभाऊंचा टेपवर राग होता. मी ब्रह्मपुरीहून नवा कोरा टेप आणला, तर त्यांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि परत माझ्याच खिशात घातला. त्यांचं माप म्हणजे बांबू. वैनगंगेवर पूल नव्हता तेव्हा त्यांनी बांबूनेच डोंगा रेटून माणसं पार केली होती. आता ते जमिनी साफ करून द्यायचे, पण मोजायचे अजून बांबूनेच. "टेप वाऱ्यानं हालते जी गुरुजी," म्हणायचे, "बांबू कायले हालते?"

गुरुजी म्हणजे मी. वीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढून आम्ही नदीकाठी एक तुकडा घेतला होता. पडीक जमीन. बोरीची झुडपं, कमरेएवढा तरोटा आणि मधोमध भलंमोठं वारूळ. मला त्यातलं काही दिसेल तर शपथ! मला दिसायचा ओटा, त्यावर खुर्ची आणि समोर पाणी. शाळा सुटली की मी थेट प्लॉटवर. माझी बायको सुनंदा चिवड्याचा डबा घेऊन मागून यायची. काट्यांत उभं राहून आम्ही, न्हाणी इथे की तिथे, यावरून भांडायचो. दोघंही पन्नाशीला आलेले, पण पाय जमिनीवर नव्हते.

डोमाभाऊ ही गंमत बघत आपलं काम करायचे. वारुळाला त्यांनी आधी हळदकुंकू वाहिलं, मग फावडं लावलं. बोरी मुळासकट उपटायला लावल्या. "वरून कापल्या तं पुढच्या साली तुमच्या बेडरूममधी बोरं वेचसाल." सुनंदा हसून हसून बेजार. मुरमाचा ट्रॅक्टर आला की मूठभर मुरूम ओला करून दाबून बघत, आणि हाताला चिकटला की ट्रॅक्टर परत पाठवत. हे मुरूम नाई, माती होय, एवढंच ड्रायव्हरला सांगत.

मग आखणीचा दिवस उजाडला. हौसेने चुन्याची फक्की मीच टाकली, अगदी काठाला भिडवून. स्वयंपाकघर नदीच्या अंगाला, पोळ्या लाटताना सुनंदाला पाणी दिसायला हवं. डोमाभाऊंनी फक्कीकडे एकदा पाहिलं, काठापासून आठ बांबू मोजले आणि तिथे खुंटी ठोकली. घर इथून मागे, म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आठ बांबू मागे म्हणजे जवळजवळ रस्त्यावर. मग नदीकाठी जमीन घेतली कशाला? माझ्याकडे सगळे कागद आहेत, मी ऐकवलं. घर माझं आहे, तुमचं नाही, असंही बोलून गेलो. सुनंदाने माझा शर्ट ओढला, पण तोंडातून गेलं ते गेलं.

डोमाभाऊ चिडले नाहीत. माझा दंड धरून मला काठावर नेलं आणि भर पात्राकडे बोट दाखवलं.

"माहं घर तिथी होतं, गुरुजी. पुरात नाई गेलं. नदीनं दरसाली थोडा थोडा काठ खाल्ला. मंग एका साली माह्याच चुलीवरून मी डोंगा नेला. बायको डोंग्यात बसून होती. तिनं खाली पाह्यलं नाई."

माझी मलाच लाज वाटली. खाली वाकून मी हाताने फक्की पुसायला लागलो, सुनंदाही बसली. त्याच संध्याकाळी खुंटीपासून नवी आखणी झाली, आणि तासाभरात आम्ही पुन्हा न्हाणीवरून भांडायला लागलो. डोमाभाऊ मुरमाच्या ढिगावर बसून खुदुखुदु हसत होते.

गेल्या माघात डोमाभाऊ गेले. त्यांच्या मापावर उभ्या असलेल्या घरात आम्ही सुखाने राहतो, आणि हे मी भेटेल त्याला सांगतो. आठ बांबूंतला एक नदीने केव्हाच खाल्ला.

यंदा श्रावणात नदी भरून आली. आम्ही दोघं ओट्यावर होतो, सुनंदा भाजी निवडत होती. काठाला लागून एक डोंगा संथपणे पुढे गेला.

"बघा," ती म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरातून चालला."