एक्केचाळीस फेऱ्या

जव्हारच्या नाक्यावरचा मिस्त्री कागदावर विश्वास ठेवत नाही, मोजून बघतो. आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या चाकांमधला गिअर घुरघुरायला लागला म्हणून लहान-मोठ्या गिअरचा नवा जोड आणला. तो चुकीचा निघाला असता तर मोगरा भरलेली गाडी घाट चढली नसती.

त्यानं मागची चाकं उचलली. एक मी फिरवायचं, एक आमच्या ह्यांनी. स्वतः खाली पडून, इंजिनाकडून मागं येणाऱ्या दांड्यावरची खडूची खूण किती वेळा फिरते ते मोजायला लागला.

"किती झाल्या रे?" मी मधेच विचारलं.

"मावशी, चुकवलंस! परत पहिल्यापासून."

दोनदा असंच झालं. मग मी पदर तोंडात धरला. चाकाच्या दहा फेऱ्यांत दांडा एक्केचाळीस वेळा फिरला. नव्या जोडातल्या लहान गिअरला दात दहा, मोठ्याला एक्केचाळीस!

"जुळलं. आता बोल हवं तेवढं."

माझ्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ.