करू ना? पक्कं?

बोरसेभाऊंनी विचारल्याशिवाय माझ्या चहात कधी साखर घातली नाही. मी बिनसाखरेचा चहा पिते हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी रोज चमचा कपावर धरून ते थांबायचे, "नाही घालत ना, ताई? पक्कं?" मी वैतागून म्हणायचे, अहो, माझा नवरासुद्धा एवढं विचारत नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, तेही घरच्या अहिराणीत: "इचाराले काय जास?"

सुरतेजवळ इच्छापोरला साड्या छापणारी आमची मिल आहे. मी तिथे डिझाइन काढते आणि भाऊ सर्व्हररूम सांभाळायचे. त्यांचे वडील धुळ्याकडून सुरतेत आले आणि लिंबायतच्या लूमवर म्हातारे झाले. एकदा त्यांचा हात आत असतानाच कुणीतरी न विचारता लूम चालू केलं आणि बोट गेलं. तेव्हापासून त्या घरात पंख्याचं बटणसुद्धा विचारून दाबतात, असं भाऊ हसत सांगायचे. मला ते कधीच हसण्यासारखं वाटलं नाही.

मोठ्या शेठना डिझाइन चोरीची भारी धास्ती. बाहेरच्या कुणाकडे काही ठेवायचं नाही, सगळं आपल्याच थंडगार खोलीत, आपल्याच सर्व्हरवर. मिलमध्ये सगळे ऐटीत त्याला 'आपला क्लाऊड' म्हणत. जपून ठेवायच्या प्रतीही त्याच खोलीत, खालच्या फळीवरच्या सर्व्हरवर. एक नवा सर्व्हर उभा करायचा तर डिस्क कोरी करा, सिस्टिम टाका, जोडण्या लावा, यात भाऊंचे दिवस जायचे. धाकटे शेठ शिकून आले आणि त्यांनी फर्मान काढलं, की हे आपोआप झालं पाहिजे. सर्व्हर फळीवर ठेवायचा, वायर जोडायची, चालू करायचा, बाकी त्याचं तो करेल.

भाऊंनी ते करून दाखवलं. जेवणाचा डबासुद्धा पडद्यासमोर उघडून, किती महिने खपले देव जाणे. त्यात त्यांनी एकच गोष्ट आपल्या पदरची घातली. डिस्क कोरी करण्याआधी पडद्यावर प्रश्न उमटायचा, 'ही मशीन पुसू ना? पक्कं?' आणि कुणी 'हो' दाबेपर्यंत काम पुढे सरकत नसे. आमचा विभाग पोट धरून हसला. धाकट्या शेठना मात्र हसू आलं नाही. "पूछवानुं ज होय तो ऑटोमेशन शानुं?" विचारायचंच तर ऑटोमेशन कसलं, एवढंच ते म्हणाले. भाऊंनी परोपरीने समजावलं. शेवटी हात टेकून विचारलं, "काढू ना, साहेब? पक्कं?" साहेब पक्कं म्हणाले आणि तो प्रश्न गेला.

दिवाळीच्या सुट्टीत मिलची वीज बंद करतात. दरवर्षी भाऊ मिल उघडायच्या आदल्या दिवशी गावाहून परतायचे आणि मुख्य सर्व्हर आधी, मग बाकीचे, असे एकेक करून हाताने चालू करायचे. लाभपाचमीच्या मुहूर्तावर मोठे शेठ नुसतं कुंकू लावायचे. यंदा धाकटे शेठ म्हणाले, आता सगळं आपोआप होतं, तर मुहूर्ताला मेन स्विच पप्पाच दाबतील. त्या सकाळी भाऊ मला जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला होता. "ताई, मुख्य सर्व्हर उठायला वेळ लावतो," ते म्हणाले. "जुनं कोण, नवं कोण, ते फक्त त्यालाच माहीत. बाकीचे आधी उठले तर त्यांना ओळखणार कोण?" मी म्हटलं, शेठना सांगा. स्विच दाबायच्या आधी विचारतो, म्हणाले.

नारळ फुटला. शेठांचा हात स्विचकडे गेला आणि भाऊ पुढे सरकून "शेठ, जरा" एवढंच म्हणाले. शेठाणींनी डोळे मोठे करून ओठांवर बोट ठेवलं. शुभ कामाला निघालेल्याला टोकू नये, हे आम्हा सगळ्यांनाच लहानपणापासून शिकवलेलं. भाऊंनाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारा तो माणूस गप्प झाला. शेठांनी स्विच दाबला.

पडद्यावर एकामागून एक हिरवे दिवे लागले. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. भाऊ तेवढे भिंतीला टेकून खाली बसले. ओळख सांगणारा अजून उठलाच नव्हता, म्हणून प्रत्येक सर्व्हर नवा ठरला आणि शिस्तीत पुसला गेला, खालच्या फळीवरच्या प्रतींसकट. हिरवा दिवा म्हणजे मशीन कोरी आणि तयार. माझी या नोकरीतली सगळी वर्षं तिथे होती. मी पेढा हातात धरून उभी होते.

पुसलेलं परत मिळतं का ते बघायला बाहेरून माणसं आली, खोलीत बसली, मान हलवून गेली. धाकटे शेठ सगळ्यांना सांगत राहिले, की बोरसेच्या प्रोग्रामने घात केला. भाऊ म्हणाले, हो, मीच लिहिलं. मीटिंगमध्ये मी त्या काढलेल्या प्रश्नाचा विषय काढला, तर धाकटे शेठ मोबाइल बघत बसले. बाहेर येऊन मी भाऊंवरच तडकले. तुम्ही का बोलत नाही, म्हटलं. त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.

"मना बापनं बोट गयं, तवय कोनी इचारं नही," ते म्हणाले. "आते मी बी नही इचारं."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांच्या जागी नवा माणूस आला. त्याने तो प्रश्न पुन्हा बसवला आहे, इंग्रजीत. मिल चालू आहे. मीही नवी डिझाइन काढते, पण हात पूर्वीसारखा चालत नाही आणि चालेल असं वाटतही नाही.

थंडीत लिंबायतला त्यांच्या घरी गेले. वहिनी हलक्या आवाजात सांगत होत्या, की हे आता कशातच नसतात. भाजीवाला पिशवीत जे घालेल ते घेऊन येतात, पोरीने शाळा सोडते म्हटलं तरी का म्हणून विचारलं नाही. भाऊ उठले, स्वतः चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि साखरेचा डबा उघडला. चमचा कपावर आला. मी वाट बघत राहिले.

त्यांनी साखर घातली, ढवळली आणि कप माझ्या हातात दिला. मी तो सगळा चहा प्यायले.