खंडेनवमीच्या पाटावरचा बॉम्ब

ती केस आठवली की आजही माझा हात आपोआप देवापुढच्या समईकडे जातो, वात बारीक करायला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी बहरीनच्या महिला पोलिसांत होते. मराठी-हिंदी येते म्हणून भारतीय माणसांची चौकशी माझ्याकडे यायची, आणि त्यामुळे बाईसाहेब हवेत होत्या. गणवेशाचा पट्टा दोन भोकं सैल, पण ऐट फौजदाराची!

खबर दिली जिदहफ्स गावातल्या एका कोल्ड स्टोअरवाल्याने, म्हणजे तिथल्या किराणा दुकानदाराने. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारा वायरमन दर शुक्रवारी धातू शोधायचं यंत्र घेऊन जुन्या पोर्तुगीज किल्ल्याकडे जातो आणि मातीने भरलेली पिशवी घेऊन परततो. पुराणवस्तूंची चोरी, असा आमचा संशय. शिपायांनी त्याला दुकानातच धरलं आणि ठाण्यात आणलं. माणूस रत्नागिरीकडचा, हातात नारळ आणि कापराची पुडी.

"यंत्र कुठून आणलंत?"

"आमचा गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याने जाताना दिलं. मॅडम, व्हिसा जाईल हो माझा. घरी पोरं आहेत."

त्याने खिशातून शिशाच्या चार जुन्या गोळ्या आणि एक हिरवं पडलेलं बटण काढलं. त्या गोळ्यांवरून मी त्याला किती पिळलं! कोणाला विकतोस, टोळीत कोण आहे. छडी टेबलावर आपटत होते. शेजारी बसलेले आमचे बहरीनी इन्स्पेक्टर जांभया देत होते.

"आणखी काय लपवलंयस?"

त्याने नारळ छातीशी धरला. मग हळूच म्हणाला, "तोफगोळा. पण तो देणार नाही मॅडम. आज खंडेनवमी, पाटावर मांडलाय. पाना, पक्कड, ड्रिल आणि मधोमध तो. पोर्तुगीजांचा आहे."

"केवढा?"

"हाताएवढा. लांबट. मागे पत्र्याचे पंख. किल्ल्यावर नाही, सखीरच्या वाळवंटात मिळाला."

"पंख? पोर्तुगीज काय विमानातून लढत होते?"

माझं मलाच हसू आलं, आणि ते तोंडातच थिजलं. इन्स्पेक्टरना अरबीत सांगितलं. त्यांची जांभई अर्ध्यावर थांबली.

"घरी कोण आहे?" मी ओरडले.

"बायको, पोरं, शेजारणी. आरतीला थांबल्यात. कापूर माझ्याकडे आहे, पण शेजारणीकडे असेल तर..."

"यल्ला, चला!" इन्स्पेक्टर उठलेच. वायरलेसवर बॉम्बवाल्यांना बोलावलं. वायरमनला जीपमध्ये घातलं आणि त्याच्या घराकडे सुटलो.

जिना चढले तर आतून घंटेचा आवाज. खोलीत बायका-पोरांची दाटी. पाटावर तो, हळदकुंकू लावलेला, प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ घातलेला, वीतभर अंतरावर समई. आणि चकचकीत!

"हा एवढा स्वच्छ कोणी केला?" मी समईकडे सरकत विचारलं.

"मीच," त्याची बायको कौतुकाने म्हणाली. "चिंच लावून घासला. गंज निघेना म्हणून ह्यांच्या हातोडीने ठोकला थोडा."

"वहिनी, सगळ्यांना खाली घेऊन चला."

"अहो ताई, उभी राहिलेली आरती मधेच सोडू? वर्षाचा सण आहे! आधी ह्यांना कुठे ठेवलंय ते सांगा."

बॉम्ब म्हटलं असतं तर त्या अरुंद जिन्यावर पोरं तुडवली गेली असती. मी समई फुंकली, पेटतं तबक तिच्या हातातून काढून घेतलं आणि मोठ्याने आरती म्हणत दाराबाहेर पडले. आरती चालली म्हटल्यावर मागे कोण राहतं? टाळ्या वाजवत सगळी वरात जिना उतरली. मला एकच कडवं येत होतं, तेच घोळवत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. आवाज असा चिरका, की कोल्ड स्टोअरवाला शटर ओढायला धावला. टोकाला वायरमन जीपमध्ये होता. पोरं त्याच्या गळ्यात पडली तेव्हा मी तबकावर फुंकर घातली आणि तिथेच फतकल मारली.

बॉम्ब जिवंत होता. दुपारी वाळवंटात नेऊन उडवला. वायरमनचं यंत्र जप्त झालं, पण इन्स्पेक्टरनी ताकीद देऊन त्याला सोडलं, व्हिसा वाचला. अहवालात मी लिहिलं, 'रहिवाशांना शांतपणे बाहेर काढले.' गायनाचा उल्लेख टाळला.

पुढे नोकरीत एक शिकले. माणूस दडवतो ते गुन्ह्याचंच असतं असं नाही, कधी ते त्याला देवासारखं वाटत असतं. कशाशी खेळतोय हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. आणि छडी आपटणारीला तर मुळीच नसतं. म्हणून त्यानंतर कोणालाही समोर बसवलं की मी 'काय चोरलंस' हे नंतर विचारायची. पहिला प्रश्न एकच असायचा: आत्ता घरी कोण आहे?