बारा दुणे चोवीस

पोलादाशी खोटे बोलता येत नाही. हे वाक्य मी आमच्या संचालकांच्या तोंडून ऐकले, आयुधपूजेला, वेल्डिंग मशीनला चंदन-कुंकू लावून झाल्यावर. महिन्याभरातच त्यांनी मला तसा प्रयत्न करून पाहायला सांगितले.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या कारखान्यात आम्ही रसायनांच्या टाक्या बनवत होतो. वेल्डिंगच्या पद्धतीला मान्यता मिळवणे हे माझे काम. म्हणजे खरी टाकी जोडण्याआधी तशाच पोलादाचे दोन तुकडे जोडायचे, त्या जोडाच्या पट्ट्या कापायच्या, यंत्रात इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवायच्या आणि त्या फुटत नाहीत हे दाखवायचे. चाचणीची प्लेट जेवढी जाड, तिच्या दुपटीपर्यंत मान्यता चालते. आमची चाचणी नेहमी बारा मिलिमीटरच्या प्लेटवर व्हायची. त्यामागे शास्त्र काही नव्हते. बाराचे उरलेले तुकडे शेडमागे ढिगाने पडलेले असत.

त्या खेपेलाही मी ढिगातलेच तुकडे उचलले. टाकीचा पहिला उभा जोड पुरा झाला, तेव्हा आमचे सर्वांत जुने वेल्डर चहाचा पेला घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना अण्णा म्हणत असे. माझे तमिळ वेलचेरीच्या शेअर ऑटोपुरते, त्यांचे इंग्रजी कारखान्यापुरते; तरी प्रश्न कळला. टाकीची प्लेट पंचवीसची आहे, टेस्ट कितीवर घेतली, सार?

बारा दुणे चोवीस. हा पाढा मला दुसरीपासून येतो. ड्रॉइंग वाचताना तेवढा आठवला नव्हता.

बाहेरचा निरीक्षक दोन दिवसांनी येणार होता. त्याने नाकारले असते तर अण्णांची तीन दिवसांची मेहनत कापून काढावी लागली असती. संचालकांनी शांतपणे ऐकले आणि कागदावर साडेबारा लिहा म्हणाले. प्लेट कुठे बरोब्बर बाराची असते? मुद्दा अगदीच वेडगळ नव्हता. मी शेडमागे जाऊन चाचणीच्या प्लेटचा उरलेला भाग व्हर्नियरने चार ठिकाणी मोजला. चारही वेळा बारा पूर्णांक एक दशांश. अण्णा शेजारी उभे राहून आकडा बघत होते.

"जोड माझा आहे, सार," ते म्हणाले. "पंचवीसची प्लेट आणा, पुन्हा टेस्ट देतो. फुटली तर तो जोड मीच कापीन."

निरीक्षक टाय लावून आला. संचालकांनी त्याला शाल पांघरली, तिकडच्या रिवाजाप्रमाणे हातात लिंबू दिले आणि सुरक्षिततेच्या संस्कृतीवर बोलायला सुरुवात केली. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा मी माझी चूक सांगून टाकली. निरीक्षकाने लिंबू टेबलावर ठेवले आणि अट घातली. पंचवीसची प्लेट, तोच वेल्डर, मशीनवर तेच आकडे, त्याच्या डोळ्यांदेखत. चारही पट्ट्या पास झाल्या तर जोड राहील. एक जरी नापास झाली तर कापायचा.

अण्णांनी सावकाश वेल्डिंग केले, मधे दहीभातही खाल्ला. मी जेवलो नाही, त्याने वेल्डिंगला काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्या वाकवल्या. तीन स्वच्छ निघाल्या. चौथीच्या वाकावर केसासारखी फट दिसली. कापायचा ग्राइंडर कुठे ठेवलाय, ते अण्णांनी पाहून घेतले.

निरीक्षकाने भिंग लावले, मग फट मोजली, मग पुन्हा मोजली.

"दोन मिलिमीटर," तो म्हणाला. "तीनपर्यंत चालते."

त्याने सही केली. अण्णा दुसरा जोड सुरू करायला गेले. ती टाकी आजही कुठेतरी न गळता उभी आहे.

संचालकांनी टेबलावरची हाताला लागली ती पट्टी नेऊन पॉलिश करवली आणि रिसेप्शनमध्ये लाकडी ठोकळ्यावर बसवली. खाली पितळी अक्षरांत त्यांचे आयुधपूजेचे वाक्य आहे. पट्टी चौथी आहे. वाक खाली करून चिकटवल्यामुळे फट गोंदात गेली आहे.